मदत हवी आहे : युरोपात परत मागवलेले खेळणे इथे विकले जात असल्यास

पुतण्यासाठी ऑनलाइन घेतलेल्या आयात चुंबकी खेळण्याचा नेमका तोच मॉडेल क्रमांक युरोपीय संघाच्या ‘सेफ्टी गेट’ या धोकादायक वस्तूंच्या यादीत, चुंबक गिळले जाण्याच्या धोक्यामुळे परत मागवलेला, असा आढळला. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. या खोक्यावर मात्र फक्त ‘सीई’ हे युरोपीय निकष पाळल्याचे सांगणारे चिन्ह आहे, आणि ते तर बहुतेकदा उत्पादक स्वतःच लावतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, विक्रेत्यालाही लिहिले. तो केवळ पैसे परत द्यायला तयार आहे, पण मला विक्रीच थांबायला हवी आहे. खेळणे, खोके आणि पावती जपून ठेवली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे अर्ज करताना परदेशी सरकारची अशी सूचना पुरावा म्हणून पुरते का, की भारतातील प्रयोगशाळेचा अहवाल आधी जोडावा लागतो?