मोडी लिपी शिकून घराण्याचा इतिहास शोधायचाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गावचं घर आवरताना आजोबांच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधलेले मोडी कागद सापडले. त्यातलं ‘शके १७८२’ एवढंच लागलं, म्हणजे इ. स. १८६०! घरात पणजोबांच्या मागचं नाव फक्त आत्याला ठाऊक, आणि ती नव्वदीची आहे, म्हणून घाई.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत वंशावळ बघायला जाणारच आहे. पण हे कागद मला स्वतःला वाचायचेत. पुण्यात संध्याकाळचा मोडीचा वर्ग कुठे चालतो? सरावाला पुस्तक कोणतं घेऊ? भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा पेशवे दप्तरात (पेशवेकाळातल्या कागदांचा पुण्यातला सरकारी संग्रह) कुणी आपल्या घराण्याचे कागद शोधलेत का? गावाच्या नावावरून रुमाल (म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा) मिळतो का? कागद घड्यांवर तुटताहेत. लॅमिनेशन करणार नाही, पण वाचून होईपर्यंत ठेवू कशात?