घड की गड?

विचारणा (पंचवटी)
निमाणी बसस्थानकाच्या गोंगाटात फोनवर ऐकलं, "उद्या पहाटे गडावर..." आणि आवाज तुटला. माझ्या डोळ्यांपुढे सप्तशृंगी. शेजारच्या द्राक्षवाल्या मित्राला मात्र "घडांवर" ऐकू आलं. ग आणि घ यांच्यात फरक तो एका श्वासाचा. मग शब्द ओळखायचा कशावरून, ध्वनीवरून की अर्थावरून?

पिंपळगाव बसवंत
हंगामात इकडे घडच. गड ऐकू यायला चैत्र उजाडावा लागतो!

गंगापूर रोड
वर गमतीत लिहिलंय, पण मुद्दा तोच आहे. मेंदू शब्द संपायची वाट बघत नाही. "पंच" कानावर पडताच पंचवटी, पंचनामा, पंचांग, पंचायत सगळे एकदम जागे होतात आणि पुढच्या प्रत्येक ध्वनीला एकेक गळतो. भाषेच्या मानसशास्त्राचे अभ्यासक विल्यम मार्सलेन-विल्सन यांची ही मांडणी. शब्द रिक्षावाल्याच्या तोंडून आला तर पंचांग फार काळ टिकत नाही, हे ओघानेच आलं.

अर्थाचा जोर किती? १९७० साली मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वॉरन यांनी इंग्रजी वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकला घातला. ऐकणाऱ्यांना शब्द अखंडच ऐकू आला. दुसऱ्या एका प्रयोगात शब्दाच्या पहिल्याच ध्वनीच्या जागी खोकला घातला, उरलं फक्त "ईल". वाक्याच्या शेवटी गाडीचा आस आला तर लोकांनी "व्हील" (चाक) ऐकलं, संत्रं आलं तर "पील" (साल). म्हणजे नंतर आलेल्या शब्दाने आधीचा ध्वनी भरून काढला.

मराठीत हे जास्तच लागतं, कारण क्रियापद शेवटी. "चढलो" किंवा "फवारलं" येईपर्यंत गड आणि घड दोघांनाही ताटकळावं लागतं. तुमच्या फोनवर नेमकं तेच तुटलं, म्हणून ज्याने त्याने आपापल्या धंद्याप्रमाणे ऐकलं.

सिडको
आणि अर्थ जुळलाच नाही तर? "मिसळीवर सिमेंट घाल" म्हटलं तर?

गंगापूर रोड
सिमेंट ऐकू येतंच, पण मेंदू दचकतो. असा विजोड शब्द आला की साधारण ४०० मिलिसेकंदांच्या आसपास मेंदूच्या विद्युतलहरींत ठळक फरक दिसतो. कुटास आणि हिलयार्ड या संशोधकांनी १९८० मध्ये तो वाचताना टिपला, पुढे ऐकतानाही सापडला. त्यामुळे सगळं श्रेय अर्थाला देऊ नका. ध्वनी स्पष्ट असेल तर अर्थाला माघार घ्यावी लागते.

नाशिकरोड
"जग" घ्या. दुनिया म्हणताना ज वेगळा, "सुखाने जग" म्हणताना वेगळा. कागदावर दोन्ही सारखेच, तिथे वाक्याशिवाय इलाज नाही; कानाला ज पुरतो.