मदत हवी आहे: बुडालेल्याला श्वास द्यायचं नीट ट्रेनिंग कुठे घ्यावं? फर्स्ट एड आधी की रेस्क्यू डायव्हर?

कृष्णाकाठचा:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण ज्यांना माहिती आहे त्यांनी कृपया वाचून उत्तर द्या.

मी सांगलीजवळच्या एका गावचा. २०१९ च्या महापुरात गावातली आम्ही पंधरा-सोळा पोरं इनर, दोऱ्या आणि गुऱ्हाळाची काहील घेऊन माणसं बाहेर काढत होतो. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली, त्यानंतर आमचा ग्रुप काही मोडला नाही, उन्हाळ्यात बंधाऱ्यावर पोहायला आलेलं कुणी बुडालं की आम्हालाच फोन येतो. पोहण्यात पोरं कमी नाहीत, केटी वेअरच्या (कोल्हापुरी बंधाऱ्याच्या) बरग्यांजवळ, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्यांजवळ, पाणी कसं ओढतं ते त्यांना पाठ आहे. अडतं ते माणूस काठावर आणल्यानंतर.

मे महिन्यात एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बुडाला. चार-पाच मिनिटांत वर काढला, श्वास नव्हता. काठावरच्या मोठ्या माणसांनी त्याला पालथा घातला, पोट दाबलं, एकाने पाय धरून उलटा केला, जरा पाणी आलं की सगळे म्हणायचे येतंय येतंय अजून दाबा. त्यात किती वेळ गेला सांगता येत नाही. मग मी घुसून छाती दाबायला लागलो, कारण एका शिबिरात तासाभराचं सीपीआर (हृदय-श्वास थांबलेल्याला वाचवायचे उपचार) शिकलो होतो आणि तिथे सांगितलं होतं की फक्त छाती दाबा, तोंडाने श्वास द्यायची गरज नाही. १०८ आली, त्याला नेलं, पण तो गेला. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी नंतर विचारलं, श्वास दिले होते का? मी नाही म्हणालो, त्या पुढे काही बोलल्या नाहीत. ते माझ्या डोक्यातून जात नाही.

आता, मी फेब्रुवारीत मालवणला स्कूबाचा ओपन वॉटर, म्हणजे टाकी लावून पाण्याखाली जायचा पहिला कोर्स केलाय. तिथे कळलं की रेस्क्यू डायव्हर म्हणून पुढचा कोर्स असतो आणि त्याला फर्स्ट एडचं सर्टिफिकेट लागतं. तर आधी काय करू? ते ईएफआर (इमर्जन्सी फर्स्ट रिस्पॉन्स) म्हणतात ते, का हॉस्पिटलवाल्यांचा बीएलएस (बेसिक लाईफ सपोर्ट)? आणि मुळात बुडालेल्याला श्वास आधी का छाती आधी? ग्रुपने वर्गणी काढून ऑक्सिजन सिलिंडर घ्यावा का असंही चाललंय. अजून एक, कोर्स संपल्यावर त्याच संध्याकाळी मित्राला आजऱ्यात सोडायचं म्हणून आंबोली घाटाने आलो, रात्रभर खांदा दुखत होता, हवेची टाकी उचलून दुखला असेल म्हणून सोडून दिलं. ते चुकलं का?

---

आयसीयू_नाईट:

तुमचं वाचून थांबून लिहिते आहे. तुम्हाला जे शिकवलं होतं तेच तुम्ही केलंत, आणि ते काहीच न करण्यापेक्षा नक्की चांगलं होतं. पण शिबिरात जे शिकवतात ते चालता-बोलता एकदम कोसळलेल्या माणसासाठी असतं. हार्ट बंद पडतं तेव्हा त्याच्या रक्तात ऑक्सिजन थोडा वेळ शिल्लक असतो, म्हणून नुसती छाती दाबून भागतं. बुडण्यात उलटं आहे, आधी ऑक्सिजन संपतो आणि म्हणून हार्ट थांबतं, मग छाती दाबून तुम्ही ऑक्सिजन नसलेलंच रक्त फिरवत राहता. म्हणून इथे सुरुवात श्वासांनी. युरोपियन गाईडलाईनमध्ये सुरुवातीला ५ श्वास आहेत, अमेरिकनमध्ये २, नंतर दोन्हीकडे ३० वेळा छाती आणि २ श्वास. मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे.

पोट अजिबात दाबायचं नाही, उलटं धरायचं नाही. जे पाणी बाहेर येतं ते बहुतेक पोटातलं असतं, आणि उलटी होऊन तीच फुप्फुसात जाते. तोंडाला फेस येतो तो पुसत बसू नका, त्यातूनच श्वास द्या. उलटी झाली तर सगळं अंग एकत्र कुशीवर वळवा, तोंड साफ करा, परत चालू. आणि शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी खोकला किंवा दम लागत असेल तर दवाखान्यात न्यायचंच, घरी पाठवायचं नाही. तोंडाला तोंड लावायला पोरं कचरतात ते साहजिक आहे, मधे धरून श्वास द्यायचा पॉकेट मास्क मिळतो, प्रत्येक दोरीच्या पिशवीत एक ठेवा.

---

देवबागचो:

मी तारकर्लीत डाईव्हमास्टर आसंय. तुमका एक सांगतंय, आधी ईएफआर करा. त्याला पाण्यात उतरावंच लागत नाही, पोहता न येणारासुद्धा करू शकतो, म्हणजे तुमचा सगळा ग्रुप बसेल. बीएलएस केलात तरी चालेल पण त्यात जखमा, रक्तस्राव वगैरे फर्स्ट एडचा भाग नसतो, तो वेगळा जोडावा लागतो. रेस्क्यूसाठी ओपन वॉटरनंतर ॲडव्हान्स्ड किंवा निदान ॲडव्हेंचर डायव्हर हा पुढचा कोर्स करावा लागेल आणि सीपीआर-फर्स्ट एडचं ट्रेनिंग २४ महिन्यांच्या आतलं लागतं, म्हणून सगळं लांबवू नका. तारकर्लीला एमटीडीसीची (राज्य पर्यटन महामंडळाची) इसदा ही स्कूबा शिकवणारी संस्था आहे तिथेही विचारा, पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा फोन करून बॅच ठरवून ठेवा.

रेस्क्यू कोर्समध्ये घाबरलेला डायव्हर तुमच्या अंगावर चढतो त्याला कसं सोडवायचं, बेशुद्ध माणसाला पाण्यावर तरंगत ठेवून श्वास देत किनाऱ्याकडे कसं आणायचं, हे हात दुखेपर्यंत करून घेतात. पण वाहत्या नदीचं, बंधाऱ्याचं त्यात काही नाही. बरग्यांजवळ टाकी लावून उतरायचं धाडस त्या सर्टिफिकेटच्या जोरावर करू नका, मी स्वतः उतरणार नाही.

घाटाचं विचारलंत, हो ते चुकलं. एका साध्या डाईव्हनंतर विमानात बसायला किमान १२ तास आणि अनेक दिवस किंवा अनेक डाईव्ह असतील तर १८ तास थांबायचं असतं, आणि आंबोली साधारण ६९० मीटर उंच आहे, ते नियम घाटालाही ६०० मीटरच्या पुढे धरतात. अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात ते उंचीवर वाढतात. सांधा दुखणं, मुंग्या येणं, चक्कर असं परत कधी झालं तर टाकी उचलण्यावर ढकलू नका. आडवं झोपवायचं, ऑक्सिजन लावायचा, पुन्हा पाण्यात खाली न्यायचं नाही, आणि डाईव्हिंगचं कळणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन करायचा. आपल्या राज्यात या विषयाचे जाणकार म्हणजे मुंबईत कुलाब्याचं नौदलाचं अश्विनी हॉस्पिटल, तिथेच नेव्हल मेडिसिनची संस्था आहे. मालवणहून ते किती लांब आहे बघा, म्हणून बोटीवर ऑक्सिजन हवा.

सिलिंडरचा हिशोब पण करा. १० लिटरचं सिलिंडर १५० बार दाबाला भरलं की १५०० लिटर, मिनिटाला १५ लिटरने १०० मिनिटं. तुमच्याकडे १०८ येईपर्यंत पुरेल, पण ऑक्सिजन प्रोव्हायडरचा वेगळा छोटा कोर्स आहे तो केल्याशिवाय घेऊ नका. रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हात लागता नये, आग लागते.

---

शिरोळकर:

मी आपदा मित्रचं, म्हणजे सरकारच्या आपत्ती स्वयंसेवकांचं, १२ दिवसांचं ट्रेनिंग केलंय, पूर्ण मराठीत होतं. कलेक्टर ऑफिसमधल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन ग्रुपच्या नावाने अर्ज द्या. एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती दलाची) पाचवी बटालियन पुण्याची, त्यांची टीम पुराच्या दिवसांत आपल्याकडे मुक्कामी असते तेव्हा भेटून विनंती केली तर ते गावात येऊन दाखवतात.

अनुभवाचं सांगतो, काठावर एक दांडगा माणूस फक्त गर्दी मागे ढकलायला नेमा. आणि जी वडीलधारी मंडळी पालथं घालतात ती वाईट नसतात हो, त्यांनी लहानपणापासून तेच बघितलंय. त्यांना ऐन वेळी ओरडून उपयोग नाही, ग्रामसभेत आधी सीपीआरच्या सरावाच्या पुतळ्यावर करून दाखवा, पोलीस पाटलांना पुढे बसवा.

---

कृष्णाकाठचा:

सगळ्यांचे मनापासून आभार. ग्रुपमध्ये वाचून दाखवलं, सोळा जण ईएफआरला तयार आहेत, ऑक्सिजन नंतर बघू, आधी मास्क. ग्रामसभेची कल्पना सरपंचांना पटली. मिरज-कोल्हापूर पट्ट्यात सीपीआरचा पुतळा कुठे भाड्याने मिळेल का?

---

आयसीयू_नाईट:

मी मिरजेतच आहे. भाडं नको, तारीख कळवा, दोन पुतळे घेऊन येते. त्या मुलाच्या घरच्यांना मात्र आधी विचारा, ग्रामसभेत ते समोर असतील तर चालेल का.