दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडावं का?

दूरगावची: मी जिंतूर तालुक्यातली, पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. खोली नि मेस मिळून महिन्याला साडेसहा हजार. यंदा सोयाबीनला भाव नाही. आबा फोनवर काही बोलत नाहीत, नुसते गप्प राहतात. गणित आणि फिजिक्स राहिलंय. लेक्चर इंग्रजीत, वही भरते पण डोक्यात काही शिरत नाही. गावी परत जावं असं वाटतंय.

जुना होस्टेलकर: ताई, घाई करू नकोस. २०११ मध्ये मीही औरंगाबादेत बॅग भरून बसलो होतो, दोन विषय राहिले म्हणून. शेजारच्या खोलीतल्या लातूरच्या मुलानं रोज रात्री मेसच्या टेबलावर मला इंटिग्रेशन मराठीत शिकवलं. आमच्या मजल्यावरचे तिघं त्याच वर्षी सोडून गेले. हुशारीत ते माझ्या पुढेच होते. चार दिवस दिसले नाहीत तरी कुणी विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तुझ्या वर्गात असं कुणी आहे का, ज्याला रात्री फोन करता येईल?

समाजकल्याणवाली: प्रवर्ग कोणता? अनुसूचित जातीची असशील आणि सरकारी वसतिगृह मिळालं नसेल, तर स्वाधार योजनेत पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. गुणांची अट आहे, आधी ती बघ.

दूरगावची: हो, त्याच प्रवर्गातली. स्वाधारचं कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी कार्यालयात जाते. आणि परभणीची एक मुलगी आहे वर्गात, तिला आज विचारते.