मुंबई बंदरातील ब्रिटिशकालीन दीपगृहे: सुरक्षा नेमकी कोणाची?

ओहोटी (धागाकर्ता):
कुलाब्याच्या दक्षिण टोकापलीकडे समुद्रात शिरलेल्या खडकाळ पट्ट्यावर थॉमस ऑर्मिस्टन यांच्या आराखड्यानुसार १८७५ मध्ये प्रॉन्ग्ज दीपगृह उभे राहिले. पूर्ण ओहोटीला हा खडक उघडा पडतो आणि दीपगृहाच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येते. भरती आली की तोच खडक पाण्याखाली जातो आणि जहाजाच्या तळाला लागेपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही. त्यामुळे तेथे बत्ती हवीच होती, याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. खांदेरी बेटावरचे दीपगृह १८६७ चे, सुएझ कालवा १८६९ चा, बंदराचा कारभार पाहणारा पोर्ट ट्रस्ट १८७३ चा, ससून डॉक १८७५ चा आणि प्रिन्सेस डॉक १८८० चा. ही साले शेजारी मांडली की सरकारला एवढ्या थोड्या काळात समुद्रातील खडक का दिसू लागले, हे कळते. या बंदरातून कापूस परदेशी जात होता; जपायचा होता तो कापूस. माणसे ओघाने वाचली.

तांबडा बोया:
असहमत. साले बरोबर आहेत, पण त्यांतून काढलेला निष्कर्ष घाईचा वाटतो. व्यापार वाढला म्हणून जहाजे वाढली आणि जहाजे वाढली म्हणून बत्त्या लागल्या. यात लपवाछपवीचे काय आहे? शिवाय १९२७ च्या दीपगृह कायद्याने ५० टनांहून लहान जहाजांना दीपशुल्क, म्हणजे दीपगृहांच्या खर्चासाठी जहाजांकडून घेतला जाणारा कर, माफ केले होते. म्हणजे खर्चाचा भार मोठ्या आगबोटींवर पडला आणि मचवे-पडाव त्याच उजेडात फुकट ये-जा करत राहिले. प्रत्येक दीपगृहाच्या उघडझापीचा ठेका वेगळा असल्यामुळे तांडेलाला (बोट हाकणाऱ्या प्रमुखाला) नुसता दिवा दिसत नाही, तो कोणता दिवा आहे हेही कळते. त्या काळी दिव्याभोवतीचा भिंगांचा अवजड पिंजरा फिरता ठेवण्यासाठी घड्याळासारख्या यंत्राला रात्रभर वेळोवेळी चावी द्यावी लागे. ते काम करणारा रखवालदार खाली कापूस चालला आहे की सुके बोंबील, हे विचारत नसे.

ओहोटी:
रखवालदाराबद्दल माझी तक्रार नाही. पण उजेड सर्वांना मिळाला, एवढ्यावर सुरक्षेचा हिशेब संपत नाही. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही उतारूंची आगबोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. देशातल्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एकाच्या तोंडाशी हे घडले आणि शहराला त्याची बातमी कळली ती दुपारी, पोहून किनाऱ्याला लागलेल्यांच्या तोंडून. वाचलेल्यांपैकी अनेकांना बाहेर काढले ते कोळ्यांच्या होड्यांनी. परदेशी मालाची आगबोट बंदरात शिरताना वाट दाखवणारा पायलट, बोये, निशाणे असा सगळा जामानिमा उभा असे. रेवसच्या उतारूंसाठी धक्क्यावरून समुद्राकडे डोळा ठेवणारेही कोणी नव्हते.

तांबडा बोया:
‘रामदास’ दिवसाउजेडी, भर पावसाळ्यातील लाटांनी उलटली. तेथे दहा दीपगृहे असती तरी काय फरक पडला असता? ती चूक गर्दीची आणि हवामान पाहून बोट न थांबवण्याची आहे. ती दीपगृहांच्या खात्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही.

डोलकाठी:
आपण दोघेही बत्त्यांपाशीच घुटमळत आहात. बंदराची सुरक्षा मालासाठी होती असे धरले, तरी १४ एप्रिल १९४४ चे काय? ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या गासड्या होत्या. स्फोटके असल्याचे सांगणारे लाल निशाण त्यावर नव्हते आणि जहाज थेट व्हिक्टोरिया गोदीत, इतर जहाजांच्या शेजारी लावलेले होते. आग दुपारी दोनच्या सुमारास लक्षात आली आणि पहिला स्फोट चारनंतर झाला. मधले दोन तास जहाज बाहेर ओढावे की तिथेच बुडवावे, याचा निर्णय होऊ शकला नाही. म्हणजे युद्धाची निकड आली तेव्हा त्याच राज्यकर्त्यांनी गोदीसकट मालही पणाला लावला. तेव्हा ‘मालासाठी सुरक्षा’ हे सूत्रही पुरते लागू पडत नाही.

ओहोटी:
डोलकाठी, हा आक्षेप मला मान्य आहे, आणि ‘जपायचा होता तो कापूस’ हे वाक्य मी मागे घेतो. त्याऐवजी असे म्हणतो की त्या काळी धोका म्हणजे पाण्याखालचा खडक, एवढीच व्याख्या धरून काम झाले आणि ते चोख झाले. जहाजाच्या पोटात काय भरले आहे आणि डेकवर किती माणसे उभी आहेत, या प्रश्नांना मात्र ती शिस्त लावली गेली नाही. तांबडा बोया, गर्दी आणि हवामान ही दीपगृहांची चूक नव्हे, हे खरे. पण गच्च भरलेली बोट धक्क्यावरून सुटताना तिला अडवण्याचा अधिकार कोणाचा होता, याचे उत्तर आपल्या प्रतिसादात अजून आलेले नाही.