ट्रायपॉड घेतला तर खरा, पण गडावर नेता का? सातारा-सांगलीकरांचे अनुभव

दिवाळी सरली, आकाश निवळलं की विचारणा सुरू होते. "डोंगर फिरतो, रात्रीचे फोटो काढायचेत, ट्रायपॉड कोणता घेऊ?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा वापरणाऱ्यांनीच लिहावं, म्हणून हा अनुभव धागा. किंमत साधारण आठ हजारांपासून वीस-पंचवीस हजारांपर्यंत धरू. त्याखालचे बरेचसे मोबाईलचे स्टँड असतात आणि त्यावरचा घेणारा आपल्याला विचारत नाही. मॉडेलचं नाव नाही सांगितलं तरी चालेल. पण कुठे नेला, वारा कसा होता, पाठीवर किती वेळ होता हे जरूर लिहा. एकीकडे कोयनेचं जंगल, दुसरीकडे माण-जतचा उघडा माळ, दोन्हीकडे एकच ट्रायपॉड चालेल असं मला तरी वाटत नाही.

सुरुवात मीच करतो. माझा ॲल्युमिनियमचा, चार सेक्शनचा (म्हणजे प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या चार नळ्या), हेड (कॅमेरा बसतो तो वरचा फिरता सांधा) धरून पावणेदोन किलोच्या आसपास. अजिंक्यतारा, यवतेश्वरचा घाट, असं जिथे गाडी जवळ जाते तिथे तक्रार नाही. खोक्यावरचे दोन आकडे मात्र मी वाचत नाही. पहिला उंचीचा. 'कमाल उंची' मोजताना मधला दांडा पूर्ण वर काढलेला असतो, आणि तो वर काढला की तीन पायांचा फायदा गेला, उरला एका पायावरचा कॅमेरा. दुसरा आकडा वजन पेलण्याचा. आठ किलो, बारा किलो वाटेल ते छापलेलं असतं. हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, त्यामुळे दोन खोकी शेजारी ठेवून ताडण्यात अर्थ नाही.

दुकानात हाताळायला मिळाला तर एवढं करा. सगळे पाय पूर्ण उघडा, आपला कॅमेरा आणि आपली सगळ्यात जड लेन्स चढवा. लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघत, रस्त्यापलीकडच्या एखाद्या पाटीवर दहापट झूम करा आणि ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारा. पाटीवरची अक्षरं थरथरतात. ती किती वेळात स्थिर होतात ते मनात मोजा. दोन ट्रायपॉडमधला फरक तिथेच कळतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

चाळकेवाडीचा वारा

ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या. तिथे रात्री उभं राहिलं की जॅकेटची चेनसुद्धा वाजत राहते. माझ्या बहुतेक रात्री तिथेच जातात, म्हणून वाऱ्यावरच लिहितो.

सगळे सांगतात, मधल्या दांड्याच्या हुकाला बॅग अडकवा. अडकवा, पण अधांतरी नको. वाऱ्यात बॅग झोके घेते आणि तो झोका थेट कॅमेऱ्यापर्यंत पोचतो. बॅग निम्मी जमिनीला टेकलेली हवी, म्हणजे पट्टा ताणलेला राहतो आणि बॅग हलत नाही. हुकापासून जमीन लांब असेल तर मी गाडीत सामान बांधायची दोरी मध्ये घेतो.

दुसरं, कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा काढून ठेवा. ही बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. पट्टा फडफडतो, आणि वीस सेकंदांच्या फोटोत प्रत्येक तारा शेंगदाण्याच्या आकाराचा येतो. एका मित्राने याच कारणासाठी ट्रायपॉड विकायला काढला होता. पट्टा काढला आणि विक्री रद्द झाली.

तिसरं, उंचीचा हट्ट सोडा. सगळ्यात खालचे बारीक सेक्शन आतच ठेवायचे, जाड नळ्या तेवढ्या उघडायच्या, पाय थोडे जास्त फाकवायचे आणि आपण वाऱ्याच्या बाजूला बसायचं. गुडघ्याएवढ्या उंचीवरून आकाश तेवढंच दिसतं. म्हणून घेताना मी कमाल उंची बघत नाही, शेवटची नळी किती जाड आहे ते बघतो. पाच सेक्शनचा ट्रायपॉड घडी केल्यावर छोटा दिसतो खरा, पण त्याची शेवटची नळी पेन्सिलीएवढी असेल तर पठारावर ती उघडूच नये.

आणि वारा ऐकतच नसेल तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवून शटर उघडं ठेवायचा वेळ कमी करा. थोडे दाणे आलेले परवडले, हललेला फोटो दुरुस्त होत नाही.

कराडहून, शिक्षिका

दादा, तुमचं सगळं गाडीवाल्यांचं गणित आहे. मी एस.टी.ने जाते आणि पायी चढते. सदाशिवगडाच्या पायऱ्या चढताना पावणेदोन किलो काही वाटत नाही, पण पाणी, डबा, स्वेटर, कॅमेरा आणि एक जास्तीची लेन्स यांच्यावर तेवढंच वजन घेऊन दिवसभर चाललं की खांदा बोलायला लागतो. मी कार्बन फायबरचा घेतला. हेडसकट सव्वा किलोच्या जवळपास. त्याच जाडीच्या ॲल्युमिनियमपेक्षा हलका, आणि टिचकीची थरथर त्यात लवकर विरते. थंडीत हाताला चटका बसत नाही हे वेगळंच सुख.

पैसे जास्त गेले, जवळजवळ दुप्पट. शिवाय कार्बन वाकत नाही, तडकतो. खडकावर आपटला तर नळीला बोट फिरवून चीर बघायची सवय हवी.

मैत्रिणींसाठी एक मुद्दा. माझी उंची पाच फूट एक इंच आहे. 'डोळ्याएवढी उंची' म्हणून दुकानदार जे गळ्यात मारतात ते सहा फुटी माणसाच्या डोळ्याएवढं असतं. आपल्याला मधला दांडा वर न काढता सव्वा मीटर भरपूर झालं, वरून कॅमेरा आणि हेडची उंची मिळतेच. एवढ्या एका गोष्टीने वजनही कमी होतं आणि किंमतही. घडी केलेली लांबी मात्र बघा. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या आतला असेल तर सॅकच्या बाजूला उभा बसतो आणि एस.टी.त शेजारच्याच्या बरगडीत जात नाही.

मिरजकर

दंडोबाच्या डोंगरावरून लिहितो, म्हणजे तिथल्या अनुभवावरून. पश्चिमेला सांगली-मिरजेचा उजेड आकाशात चढलेला असतो, त्यामुळे आम्ही उत्तरेकडे तोंड करून ताऱ्यांच्या रेषा काढतो, म्हणजे ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांचा माग फोटोत धरतो.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर तितकं आपलं अक्षांश. मिरजेला तो जेमतेम सतरा अंशांवर, म्हणजे झाडाच्या शेंड्याआड सहज जातो. मुठी वळून हात लांब केला तर पावणेदोन मुठी. जागा दिवसा बघून ठेवा. कॅमेरा फार वर वळवावा लागत नाही म्हणून हेडवर ताण कमी पडतो, हा आपल्या भागाचा फायदा.

पण रेषांचं काम दीड-दोन तासांचं. एकच लांब एक्स्पोजर न घेता तीस-तीस सेकंदांचे फोटो ओळीने घेऊन नंतर जोडायचे. तेवढ्या वेळात हेड केसभर जरी खाली सरकलं तरी रेषा जुळत नाहीत. म्हणून माझा आग्रह पायांपेक्षा हेडवर आहे. कॅमेरा पुढे झुकवून बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडे फिरणारं हेड) आवळा, पडद्यावर एका कोपऱ्यात काहीतरी धरा, हात सोडा. आवळल्यावर चित्र खाली उतरलं आणि दहा मिनिटांनी आणखी उतरलं, तर ते हेड तुमच्या लेन्सला पुरेसं नाही. मध्यम किमतीच्या सेटमध्ये पाय बरे आणि हेड किरकोळ हे फार दिसतं. पाय आणि हेड वेगळे होणारेच घ्या, पुढेमागे नुसतं हेड बदलता येतं.

लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) ट्रायपॉडवर बंद करायचं हे सगळ्यांना माहीत असतं आणि अंधारात हटकून राहून जातं.

बामणोलीकडचा

वासोटा किल्ल्यावर ट्रायपॉड न्यायचा का असं विचारणाऱ्यांसाठी. शिवसागर जलाशयातून बोटीने जायचं, अभयारण्यात चढायचं आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. मुक्कामाला परवानगी नाही, म्हणजे तारे नाहीत. बाबूकड्याचे फोटो भर उन्हात हातानेच निघतात. ट्रायपॉड घरी ठेवा, पाणी जास्त न्या.

कासला जाणारी

माझी रात्र नाही, माझी फुलं. सप्टेंबरमध्ये कासला सीतेची आसवं किंवा तेरडा जवळून काढायचा तर कॅमेरा जमिनीपासून वीतभर हवा. मधला दांडा काढता येतो किंवा दोन तुकड्यांत सुटतो का, आणि पाय जवळजवळ आडवे होतात का, एवढंच मी बघितलं.

पायाला टोकदार खिळे लावायची सोय असते तिची जाहिरात फार करतात. पठारावर ते वापरू नका. वर मातीचा थर बोटभर, खाली जांभा. खिळा घसरतो आणि जाताना रोप उपटतो. रबरी पायच बरे, आणि तेही वाटेवर. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत गेलं, त्यानंतर गर्दी किती वाढली ते आपण बघतोच. हंगामातल्या रविवारी तीन पाय पसरून वाट अडवणाऱ्याला लोक जे बोलतात ते योग्यच बोलतात. मी गर्दीच्या दिवशी तांदूळ भरलेली छोटी पिशवी नेते आणि तिच्यावर लेन्स टेकवते.

माणदेशी

आमच्याकडं पाऊस न्हाई, ढग न्हाईत, दिवं बी कमी. म्हसवड-दहिवडीच्या माळावर आकाश असं दिसतंय की साताऱ्याची पाव्हणी गप्पच व्हत्यात. आकाशगंगेचा मधला जाड भाग बघायचा तर मार्चात पहाटं, मे म्हयन्यात मध्यरात्रीनंतर, आमावस्येच्या आसपास. त्यो दक्षिणंला निम्म्या आकाशाच्या खालीच ऱ्हातुया, लई झालं तर त्रेचाळीस अंश. जून लागला की ढगांनी खेळ संपला.

आमची अडचण धुरळा. पायाच्या नळ्या फिरवून आवळायचं ट्विस्ट लॉक दिसाया झ्याक, पर त्यात बारीक रेती शिरली की फिरवताना करकर वाजतंय आणि पुढच्या खेपंला पाय आपसूक आत जातुया. मी खटक्याचं, फ्लिप लॉकवालं घेतलं. खटका लागला का न्हाई ते अंधारात हाताला कळतंय. सैल झाला तर ॲलन कीनं (सहा कोनी चावीनं) आवळायचा, इषय संपला.

आणखी एक. ॲल्युमिनियमचा पाय डिसेंबरात धरवत न्हाई. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळा फोम चढवत्यात बघा, त्यो फिटिंगवाल्याकडं तुकड्यानं मिळतुया. उभा चिरायचा, वरच्या नळ्यांवर चढवायचा, चिकटपट्टी मारायची. खांद्यावर घेतला तरी रुतत न्हाई. तेरा-चौदा डिसेंबरला मिथुनेतल्या उल्का बघाया रातभर बसतो, तवा ह्यो फोमच कामाला येतुया.

धागाकर्ता

माणदेशी भाऊ, फोमबद्दल धन्यवाद, आजच आणतो. लॉकबद्दल मात्र थोडा वाद घालतो. ट्विस्ट लॉक उघडून साफ करता येतो: नळी पूर्ण बाहेर काढायची, आतल्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या कुठल्या खाचेत होत्या त्याचा फोटो काढून ठेवायचा, ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवून परत बसवायचं. ठोसेघरच्या तुषारांत भिजवून आणला की मला हे करावंच लागतं. भिजलेला ट्रायपॉड मिटून पिशवीत ठेवला तर लॉक आतून धरतो, हे दोन्ही प्रकारांना लागू. पण रात्री, गार हातांनी, बॅटरी तोंडात धरून उघडझाप करायची तर खटका सोपा, हे मान्य.

सांगली, घाटावरून

कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, संध्याकाळी त्याच्या कमानी पाण्यात उतरतात. तो घाटावरून काढा, पुलावर उभं राहून नको. कुठल्याही पुलावर गाडी गेली की थर जाणवतो आणि तिथे महागातला महाग ट्रायपॉडही पुलाबरोबर हलतो. गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा हव्यातच तर गाडी जाऊन थर शांत झाल्यावर पुढची गाडी लांब असतानाच शटर उघडायचं.

काठाचा गाळ पूर ओसरल्यावर फसवा असतो. वरून वाळलेला, आत लोणी. पाय हळूहळू रुततात आणि तीस सेकंदांच्या फोटोत क्षितिज कलतं. फरशीचे तीन तुकडे पायाखाली ठेवतो. यासाठी वेगळी चकती विकत मिळते म्हणे, मला फरशीवाल्याने फुकट दिले.

नवीन सभासद, विटा

सगळ्यांचं वाचलं. माझा क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा, सोळा मिलिमीटरची लेन्स, बजेट बारा हजार. एकच सांगा, पायांवर जास्त घालू का हेडवर? आणि तारे रेषा न होता ठिपके यायला किती सेकंद?

धागाकर्ता

सेकंदांचं आधी. पाचशेला लेन्सच्या फुल फ्रेम लांबीने भागायचं, म्हणजे क्रॉप सेन्सर असेल तर लेन्सच्या मिलिमीटरला आधी दीडने गुणायचं. सोळा गुणिले दीड म्हणजे चोवीस, पाचशे भागिले चोवीस म्हणजे वीस-एकवीस सेकंद. फोटो मोठा करून बघणार असाल तर पंधरावर थांबा, हा नियम जुन्या, कमी मेगापिक्सेलच्या काळातला आहे. दोन सेकंदांचा टायमर लावा, बोटाचा धक्का जातो.

बारा हजारांत कार्बनच्या मागे लागू नका. त्या किमतीच्या कार्बनपेक्षा जाड नळीचा ॲल्युमिनियम चांगला. तुमच्या कॅमेऱ्याचं वजन कमी आहे, सेटबरोबरचं हेड चालून जाईल. फक्त प्लेट (कॅमेऱ्याच्या तळाला लावून हेडमध्ये अडकवायची पट्टी) आर्का पद्धतीची, म्हणजे बऱ्याच कंपन्यांच्या हेडला चालणारी, आहे ना ते बघा. काही कंपन्यांची स्वतःची वेगळी प्लेट असते, ती कड्यावर पडली तर जवळपास कुठे मिळत नाही. आर्का प्लेट मित्राचीही बसते.

कराडहून, शिक्षिका

आणि प्लेटचा स्क्रू नाण्याने आवळता येतो का तेही बघा, विटेकर. माझ्याला ॲलन की लागते. जास्तीची एक सायकलवाल्याकडून माप बघून घेतली आणि पायाला रबर बँडने बांधून टाकली आहे.