चरणाऱ्या गाईचा मिथेन मोजतात तरी कसा? आपल्या गवळाऊचा आकडा येतो कुठून?

भिवापूरवाला
नमस्कार मंडळी. काकांकडे भिवापूरजवळ गवळाऊ या आपल्या विदर्भातल्या जातीच्या ११ गाई न २ बैलजोड्या आहेत, सगळं चराईवर. सकाळी गायकी, म्हणजे गुराखी, आखरावरून ढोरं नेतो, दिवसभर झुडपी जंगल, रात्री तुरीचं नाहीतर सोयाबीनचं कुटार (भुसा), सरकी ढेप फक्त दुभतीला. परवा जेवताना चुलतभावानं मोबाईलवर बातमी दाखवली की गाईच्या ढेकरातून मिथेन निघतो न त्यानं पृथ्वी तापून राहिली. काका एकदम गप्प झाले, हातातला घास तसाच राहिला, मग एवढंच म्हणाले की हिच्या दुधावर तुम्ही शिकले न. मला ते लागलं. म्हणून विचारून राहिलो, रानात फिरणाऱ्या गाईच्या तोंडातून किती गॅस निघाला हे कळतं कसं? का विदेशी गोठ्यातल्या होल्स्टीनचा आकडा आपल्या गाईला चिकटवतात?

डॉक्टर_हिंगणा
भाऊ, मी इथंच नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकलो, जमेल तेवढं सांगतो. आधी हे की बातमी खोटी नाही. गाईच्या पहिल्या पोटात, म्हणजे रुमेनमध्ये, चारा आंबतो, त्यातून हायड्रोजन तयार होतो, आणि तिथले काही सूक्ष्मजीव हायड्रोजन न कार्बन डायऑक्साइड मिळवून मिथेन बनवतात. हा गॅस बहुतेक सगळा ढेकर आणि श्वासावाटे जातो, मागून नाही, लोकांचा तो गैरसमज आहे. यात गाईचंही नुकसानच आहे, चाऱ्यातली साधारण ६.५ टक्के ऊर्जा अशी हवेत जाते असं आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, हिशोबाला धरते.

आता मोजणं. सगळ्यात अचूक म्हणजे बंद खोली, जनावर आत ठेवायचं, आत जाणारी न बाहेर येणारी हवा तपासायची. पण खोलीतलं जनावर चरत नाही, कापून टाकलेलं खातं, म्हणजे तुमच्या काकांच्या गाईचा प्रश्न तिथं सुटतच नाही. चराईसाठी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एसएफ६ ची पद्धत आणली. बोटाएवढी पितळी नळी गाईला गिळायला देतात, ती पोटात राहते न त्यातून एसएफ६ नावाचा गॅस ठरलेल्या वेगानं, दिवसाला काही मिलिग्रॅमच, झिरपत राहतो. गाईच्या म्होरकीला बारीक नळी लावतात, तिचं तोंड नाकपुडीजवळ, दुसरं टोक निर्वात केलेल्या डब्यात, डबा मानेवर किंवा पाठीवर. गाय खुशाल चरते आणि डब्यात २४ तास थोडी थोडी हवा ओढली जाते. मग लॅबमध्ये दोन्ही गॅसचं प्रमाण काढलं की मिथेन किती ते निघतं, कारण एसएफ६ किती सुटला ते आधीच माहीत असतं. आसपासच्या हवेत मुळातच असलेला मिथेन वजा करावा लागतो, नाहीतर आकडा फुगतो.

खरी अडचण वेगळीच आहे. गाईनं रानात खाल्लं किती? ते कळल्याशिवाय किलो चाऱ्यामागे मिथेन सांगता येत नाही. त्यासाठी मार्कर, म्हणजे न पचता शेणातून बाहेर पडणारा पदार्थ, खाऊ घालतात, दिवसभर शेण गोळा करतात, वाळवतात, तपासतात. हे काम ज्यानं केलं त्यालाच माहीत, मे महिन्यात आपल्याकडं ४५ डिग्रीत ढोरामागं फिरून पाहा.

वर्ध्याची_ताई
आकडा चिकटवण्याबद्दल बोलते. विदेशी आकडा जसाच्या तसा लावत नाहीत. आयपीसीसीच्या २००६ च्या तक्त्यात भारतीय उपखंडाच्या दुभत्या गाईला वर्षाला ५८ किलो मिथेन धरलाय, उत्तर अमेरिकेच्या गाईला १२८, आणि आपल्या बाकी ढोरांना, म्हणजे बैल, कालवडी वगैरे, २७. डोक्यामागं आपलं ढोर कमीच.

पण काकांना अर्धंच सांगू नका. त्याच तक्त्यात आपली गाय वर्षाला ९०० किलो दूध देते असं धरलंय न तिकडची ८,४०० किलो. भागून पाहा, किलो दुधामागं आपल्याकडं ६४ ग्रॅम मिथेन येतो, तिकडं १५ च. कुटार न वाळलेलं गवत पचायला जड, त्यात तंतू जास्त, हायड्रोजन जास्त सुटतो न मिथेनही. मात्र या भागाकारात बैलाची नांगरट नाही, शेणखत नाही, गोवऱ्या नाहीत, सगळा भार एकट्या दुधावर टाकला आहे आणि हे मला अन्यायाचं वाटतं. चराईतलं शेण उन्हात मोकळं वाळतं, त्यातून मिथेन फार कमी निघतो, मोठ्या डेअऱ्यांच्या पातळ शेणाच्या टाक्यांतून खूप, हेही मोजलं पाहिजे. आणि मिथेन हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो, पण १०० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७ पट तापवतो, त्यामुळं देशाच्या २०१९ च्या पशुगणनेतल्या १९ कोटींवर गाई-बैल न जवळपास ११ कोटी म्हशी धरल्या तर विषय सोडून देता येत नाही.

शेळीपालन_काटोल
डॉक्टर साहेब, मग आमच्यासारख्यानं करायचं काय? बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेनं हरित धारा नावाचं पूरक खाद्य काढलं, मिथेन १७ ते २० टक्के कमी होतो म्हणतात, पण ते खुराकात द्यायचं, न आमचं ढोर सकाळी जातं ते संध्याकाळीच येतं.

डॉक्टर_हिंगणा
संध्याकाळी कुटारासोबतच द्यावं लागेल भाऊ, चराईवाल्यांची अडचण जगभर हीच आहे. हरित धारेचा आधार टॅनिन, म्हणजे तोच तुरट गुण जो बाभळीच्या शेंगांत असतो, शेळ्या आवडीनं खातात त्या. पण मनानं शेंगांचा ढीग टाकू नका, टॅनिन जास्त झालं की चारा पचत नाही, दूधच कमी होतं. आजच्या आज करण्यासारखं म्हणजे जंताचं औषध वेळेवर, मिनरल मिक्श्चर, उन्हाळ्यात थोडा हिरवा चारा. गाय वेळेवर गाभण राहिली न दोन वेतांतलं अंतर कमी झालं तर तेवढ्याच मिथेनमागं दूध जास्त मिळतं.

भिवापूरवाला
सगळ्यांचे आभार. रात्री काकांना पूर्ण वाचून दाखवलं, ताईंचा ६४ वाला हिशोब पण. ते ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, तो डबा मानेवर बांधला तर गाय झुडपात अडकेल का, तिला चरताना त्रास तर होत नाही न?

डॉक्टर_हिंगणा
आधी काही दिवस रिकामा डबा बांधून सवय करतात. पहिल्या दिवशी मान झटकते, चार-पाच दिवसांनी तिचं तिकडं लक्षही नसतं. झुडपात नळी अडकते कधीकधी, मग त्या दिवसाचं सँपल वाया. गाईला काही होत नाही, काकांना सांगा.